मार्गदर्शक

मार्गदर्शक : व्यवसायात वा व्रतात अनुभवाने अग्रेसर असलेल्या व्यक्तीने आपल्या सहवासातून कनिष्ठाच्या चारित्र्याची व कर्तृत्वाची घडण करावी, असा हा संबंध होय. कळंब तालुक्यातील येरमाळा येथील येडेश्वरीच्या उपासनेत, माळ आणि परडी गुरूच्या हातून स्वीकारणाऱ्या आराध्यांमध्ये, त्याचे पारंपरिक रूप आढळते. गुरूने दिलेला वसा अबाधित चालविणे हा तेथे शिष्याचा धर्म असतो. त्याच धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील हिप्परगा येथे 1921 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळेत या संबंधास निराळे वळण मिळाले.

हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या अमदानीत, जेव्हा सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, खासगी शाळांवर अंमलदारांची नजर असे आणि गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकान्वये सभा भरविण्यासही पूर्वपरवानगी लागे, तेव्हा सार्वजनिक जीवनाची उमेदवारी करण्यास तरुणांना शिक्षकाच्या सान्निध्याखेरीज फारशी जागा उरली नव्हती. ती जागा ज्यांनी निर्माण केली त्यांत या शाळेचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर (1903–1972) प्रमुख होत. कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून हिप्परग्यास आलेल्या खेडगीकरांनी 1932 मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेची धुरा वाहिली आणि 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरून कारावास पत्करला. जे वर्गात सांगितले त्याची किंमत स्वतः मोजणे, हेच त्यांच्या मार्गदर्शनाचे मुख्य साधन ठरले.

संस्थानातील लढ्यात त्यांचे अनुयायी असलेले पी. व्ही. नरसिंह राव 1991 मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. तथापि या संबंधाचे मर्म बाबासाहेब परांजपे यांच्या उदाहरणात अधिक स्पष्ट होते. स्वामीजींच्या सहवासात घडलेले हे सहकारी संस्थानाच्या विलीनीकरणानंतर विचाराने डावीकडे वळले आणि 1952 च्या निवडणुकीत बीडमधून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे विजयी झाले. स्वामीजी स्वतः गुलबर्ग्याहून काँग्रेसतर्फे निवडून आले होते. ज्याला स्वतंत्र विचार करावयास शिकविले तो आपल्याहून वेगळ्या निष्कर्षास पोहोचला, तरी त्याच्या घडणीत न्यून राहिले असे म्हणता येत नाही. आराध्यांच्या गुरूहून आधुनिक मार्गदर्शकाचे वेगळेपण ते हेच.