नवशिक्यांचा इतिहास

खेळांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या अंगाने लिहिला जातो. पहिली स्पर्धा कोणी जिंकली, विक्रम कोणाच्या नावावर आहे, पदक कोणत्या देशाकडे गेले, हे सारे त्यात तपशिलाने येते. तो खेळ प्रथम कोण शिकले, कोणत्या वयात शिकले आणि शिकताना त्यांना काय सोडावे लागले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. शिकणे ही जणू इतिहास सुरू होण्यापूर्वीची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. आमचा व्यवसाय अध्यापनाचा असल्यामुळे असेल, पण ही उणीव आम्हांला खटकत आली आहे. स्नोबोर्ड या तुलनेने तरुण खेळाच्या निमित्ताने तिचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. हा खेळ पोराटोरांचा म्हणून ओळखला जातो. तथापि त्याच्या कथेत मोठ्या वयातल्या नवशिक्यांना जे स्थान आहे, ते ध्यानात घेतले की ती कथा निराळी दिसू लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन अरुंद, लांब पट्ट्या बांधलेल्या असतात, हातांत दोन काठ्या असतात आणि तोंड उताराच्या दिशेने असते. स्नोबोर्डमध्ये एकच रुंद फळी असते. दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले असतात, अंग उताराला तिरके असते आणि हात मोकळे असतात. तोल गेला तर टेकायला काठी नाही आणि पुढे टाकायला पाऊलही नाही.

स्कीइंग ही मुळात नॉर्वे-स्वीडनकडची रीत. तिकडची मुले ती चालण्याबोलण्याबरोबरच उचलत. आल्प्सच्या खड्या उतारांवर मात्र ती आली, ती पुष्कळ अंशी मोठ्या माणसांच्या हातून. फ्रिड्त्योफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले आणि त्या सफरीवरचे त्यांचे पुस्तक युरोपभर वाचले गेले. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे राहणारे मथियास झ्डार्स्की हे त्याच्या वाचकांपैकी एक. त्यांचा जन्म १८५६ चा. म्हणजे स्की पायांत बांधल्या तेव्हा त्यांची तिशी उलटून गेली होती. शिकवायला जवळपास कोणी नव्हते. अनेक हिवाळे एकट्याने धडपडून त्यांनी स्कीचे बंध बदलले, खड्या उतारावर वळण्याची स्वतःची रीत बसवली आणि १८९६ च्या सुमारास ती पुस्तकरूपाने मांडली. त्याच दशकात, १८९४ च्या मार्चमध्ये, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे दोन स्थानिक भावांच्या सोबतीने स्कीवरून डोंगर ओलांडून दाव्होसहून आरोसाला गेले. वय ३४ वर्षे. त्या वर्षाच्या अखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी या सफरीविषयी लिहिले, ते स्वतःच्या फजितीची मनसोक्त थट्टा करीत.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट सुचते. जेथे एखादी विद्या रुजलेली असते, तेथे ती मुलांना वारशाने मिळते. जेथे ती नाही, तेथे ती आणण्यासाठी कोणातरी मोठ्या माणसाला नवशिके व्हावे लागते. मुलाला शिकायचे तर आधी कोणीतरी जाणता हवा. आणि एखाद्या प्रदेशातला पहिला जाणता पुष्कळदा प्रौढ नवशिक्यातूनच घडलेला असतो.

स्नोबोर्डची कथा वरवर पाहता याच्या उलट आहे. २५ डिसेंबर १९६५ चा दिवस. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले मस्कीगन हे सरोवराकाठचे गाव. शर्मन पॉपेन नावाचे ३५ वर्षांचे अभियंते, घरात गर्भवती पत्नी आणि नाताळच्या सुटीत घर डोक्यावर घेणाऱ्या लहान मुली. मुलींना बाहेर गुंतवावे म्हणून पॉपेन यांनी लहान मुलांच्या दोन स्की शेजारी शेजारी ठेवून एकमेकींना जोडल्या आणि घरामागच्या बर्फाच्या उतारावर त्यांना त्यावर उभे केले. पत्नी नॅन्सी यांनी हिम आणि लाटांवरची स्वारी यांसाठी असलेले दोन इंग्रजी शब्द एकत्र करून त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. १९६८ मध्ये पॉपेन यांना त्याचे पेटंट मिळाले. ब्रन्सविक कंपनीने ते खेळणे बाजारात आणले आणि पुढे ते लाखोंच्या संख्येने खपले. त्यात पाय बांधण्याची सोय नव्हती. टोकाला एक दोरी असे. ती धरून तोल सांभाळायचा आणि तोल गेला की सरळ बर्फात उडी टाकायची. कोणाला शिकवणीची गरज भासली नाही, कारण पडणे हाच निम्मा खेळ होता.

स्नर्फरवर वाढलेल्या मुलांपैकी एक म्हणजे जेक बर्टन कारपेंटर. त्यांना स्नर्फर मिळाले तेव्हा ते १४ वर्षांचे होते. १९७७ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून ते व्हर्माँट राज्यातल्या लंडनडेरी गावी गेले आणि तेथे फळ्या बनवू लागले. रात्री बारमध्ये काम करून त्यांनी हा उद्योग तगवला. फळीवर पाय बांधण्याची सोय हा त्यांच्या प्रयोगांचा गाभा होता. अर्थात ते एकटे नव्हते. न्यू जर्सीत टॉम सिम्स यांनी १९६३ मध्येच शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात अशी एक फळी केली होती, आणि युटामध्ये दिमित्रिये मिलोविच हेही याच वाटेने चालले होते. पाय बांधले गेले आणि खेळण्याचा खेळ झाला. त्याबरोबरच तो शिकावा लागेल असाही झाला. कारण बांधलेल्या पायांनी बर्फात उडी टाकता येत नाही.

येथून पुढचा भाग आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. हा खेळ शिकण्यासाठी उतार हवा, उतारावर चढण्यासाठी लिफ्ट हवी, आणि लिफ्ट होत्या स्की-केंद्रांच्या मालकीच्या. तेथे या पोरांना प्रवेश नव्हता. अपघात झाल्यास भरपाईचे काय, विमा कसा मिळणार, ही कारणे सांगितली जात आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. त्यांच्या मागे मात्र ढगळ कपड्यांतल्या, आरडाओरडा करणाऱ्या पोरांविषयीची नापसंती होती. १९८३ मध्ये व्हर्माँटमधल्या स्ट्रॅटन माउंटन या मोठ्या केंद्राने दार उघडले. तरीही १९८५ साली अमेरिकेतल्या जेमतेम ७ टक्के केंद्रांवर स्नोबोर्डला परवानगी होती. काही ठिकाणी स्नोबोर्डवाल्यांना लिफ्टमध्ये बसण्यापूर्वी आपल्याला वळता येते, थांबता येते, हे दाखवून परवाना मिळवावा लागे. उताराशिवाय शिकता येत नाही आणि शिकल्याशिवाय उतार मिळत नाही! आपल्याकडे पहिल्याच नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभव आवश्यक’ असे छापलेले असते, त्याचीच ही आवृत्ती. एखाद्या विद्येला विरोध करायचा तर तिच्या जाणकारांना अडवण्याची गरज नसते. तिच्या नवशिक्यांना अडवले तरी पुरते.

पुढे वारे फिरले. तिकिटे खपवायची तर ही पोरेच गिऱ्हाईक आहेत, हे केंद्रांच्या ध्यानात आले आणि १९९० च्या दशकात बहुतेक दारे उघडली. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डचा समावेश झाला. स्पर्धेची सूत्रे स्की महासंघाच्या हाती दिल्याच्या निषेधार्थ नॉर्वेचे तेर्ये हाकोन्सेन हे त्या काळचे अग्रगण्य खेळाडू तेथे गेलेच नाहीत. ज्यांनी काल दार लावले त्यांनीच आज यजमान व्हावे, हे त्यांना रुचले नसावे. दरम्यान उतारावर एक शांत उलथापालथ घडत होती. मुलांचे पाहून आईबाप फळीवर उभे राहू लागले होते आणि आयुष्यभर स्की शिकवलेले कित्येक मार्गदर्शक स्वतः पुन्हा पहिल्या धड्यापाशी आले होते. वारसा उलट्या दिशेने, लेकरांकडून वडीलधाऱ्यांकडे चालला होता.

हे सारे आम्ही प्रथम वाचले ते घरात, पंख्याखाली बसून. त्यातला ‘पहिला धडा’ म्हणजे नेमके काय, हे कळले ते गुलमर्गला. तेथेही हिमावरचे खेळ आणले ते परक्या प्रौढांनीच. स्की क्लब ऑफ इंडिया हा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेला. आज तेथे शिकवणारी मुले जवळपासच्या गावांतली आहेत आणि शिकणारे आमच्यासारखे मैदानी प्रदेशातले. आम्ही दोघे चाळिशी ओलांडलेले. आमचा गुरू बावीस-तेवीस वर्षांचा, म्हणजे आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने आम्हांला बेसावध असताना मागून हलकेच ढकलले. कोणता पाय आपसूक पुढे पडतो ते त्याला पाहायचे होते. डावा पुढे तर ‘रेग्युलर’, उजवा पुढे तर ‘गूफी’. आपले कोणते पाऊल आधी पडते, ही स्वतःविषयीची साधी माहिती आम्हांला इतक्या वर्षांत नव्हती.

धडा असा असतो. आधी एकच पाय बांधून सपाटीवर सरकायचे. मग दोन्ही पाय बांधून, उताराला पाठ वा पोट करून, फळीच्या एका कडेवर हळूहळू खाली घसरायचे. टाचेकडची कड आणि बोटांकडची कड, सारी विद्या या दोन कडांत आहे. उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की माणूस असा आपटतो की सावरायला वेळच मिळत नाही. अशा वेळी हात आपोआप पुढे जातात, आणि म्हणूनच नवशिक्यांची मनगटे सर्वांत जास्त दुखावतात. मुठी मिटून, गुडघ्यांवर आणि कोपरांपुढच्या हातांवर पडायला शिकवतात. सर्वांत कठीण भाग याहून निराळा आहे. भीती वाटली की शरीर मागे, डोंगराकडे झुकते. तसे झुकले की वजन मागच्या पायावर जाते, फळीचे पुढचे टोक हलके होते, ती वळेनाशी होते आणि वेग वाढतो. वळायचे असेल तर ज्याची भीती वाटते त्या उताराकडेच, पुढच्या पायावर भार द्यावा लागतो. लहान मुलाला हे एकदा सांगून पुरते. आम्हांला ते पहिल्याच तासाला समजले होते आणि तीन दिवस करता आले नाही. समजणे आणि येणे यांतले अंतर इतके मोठे असते, हे आम्ही विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे सांगत आलो होतो. ते आमच्या स्वतःच्या बाबतीत खरे होऊन बरीच वर्षे लोटली होती, एवढेच.

आम्ही पडलो की तो मुलगा हात देऊन उठवीत नसे. शेजारी बर्फातच बसकण मारी आणि म्हणे, सर, बसू थोडा वेळ. स्नोबोर्डवाले पट्टे आवळायला असेच बर्फात बसतात; त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला आम्ही पडलो आहोत की बसलो आहोत, हे कळले नसते. आमची अब्रू तो किती सहजपणे राखीत होता, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

प्रौढ माणसाला शिकताना अडवते ते वय नव्हे, मान अडवतो, अशी आमची समजूत त्या तीन दिवसांत झाली. म्हणून या खेळाच्या इतिहासातल्या दोन घटना आम्हांला पदकांहून मोठ्या वाटतात. पहिली शर्मन पॉपेन यांची. मुलींसाठी खेळणे करणारे हे गृहस्थ स्वतः स्की करीत. त्यांच्या खेळण्यातून एक जागतिक खेळ उभा राहिला, लोक त्यांना त्याचे जनक म्हणू लागले आणि त्यानंतर, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते तो खेळ शिकायला उतारावर गेले. जनकाचा मान हाती असताना नवशिक्याचे आसन पत्करणे सोपे नसते.

दुसरी घटना बर्टन यांची. २०१५ मध्ये त्यांना मिलर फिशर सिंड्रोम हा मज्जातंतूंचा दुर्मिळ विकार जडला. कित्येक आठवडे त्यांना डोळे उघडता येत नव्हते, गिळता येत नव्हते, स्वतःहून श्वास घेता येत नव्हता. जे सांगायचे ते कागदावर लिहून सांगावे लागे. ज्यांनी जगाला बर्फावर उभे राहायला शिकवले, त्यांना साठी उलटल्यावर जमिनीवर उभे राहणे नव्याने शिकावे लागले. ते शिकले आणि पुन्हा फळीवरही उभे राहिले. २०१९ च्या जुलैमध्ये पॉपेन गेले, वय ८९. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बर्टन गेले, वय ६५.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. प्रथम वर्षाच्या वर्गात एका मुलीने वृत्तांविषयी शंका विचारली आणि उत्तर येण्याआधीच, प्रश्न फारच बाळबोध आहे, असे म्हणून ती खाली बसली. आमच्यापैकी जो शिकवीत होता, तो व्यासपीठावरून उतरला, तिच्या पुढच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला आणि लघु-गुरूंपासून पुन्हा मोजू लागला.