वेषांतरित राणी आणि तिचे प्रतिरूप

राज्यकर्त्याने वेष पालटून वावरावे ही कथनपरंपरेतील अतिशय जुनी कल्पना आहे. होमरच्या 'ओडिसी'त इथाकाचा राजा भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच घरी येतो. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये व्हिएन्नाचा ड्यूक साधूचे वस्त्र पांघरून आपल्या प्रतिनिधीचा कारभार न्याहाळतो. मार्स्टनच्या 'द मालकंटेंट'मध्येही असाच वेषांतरित ड्यूक आढळतो. १६०४च्या आसपास लंडनच्या रंगभूमीवर ही युक्ती विशेष लोकप्रिय होती. या कथांत राजा दूर असताना त्याचे आसन रिकामे असते किंवा दुसऱ्याच्या हाती गेलेले असते. वेषांतराचे प्रयोजन सत्य जाणून घेणे हे असते आणि कथेची परिणती अभिज्ञानात होते.

जॉर्ज लुकास यांच्या 'द फँटम मेनेस' (१९९९) या 'स्टार वॉर्स' मालिकेतील चित्रपटात ही युक्ती एका महत्त्वाच्या फरकासह अवतरते. नाबू ग्रहाची राणी अमिडाला 'पॅडमे' या नावाने दासी होते आणि त्याच वेळी तिची एक दासी राणी होऊन बसते. आसन रिकामे राहत नाही. त्यामुळे 'खरी राणी कोण?' या प्रश्नाइतकाच 'राणीच्या जागी कोण, आणि कोणत्या किमतीवर?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समीक्षेचे लक्ष बहुधा पहिल्या प्रश्नाकडेच जाते. या युक्तीचा इतिहास मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या आधारेच नीट उलगडतो.

येथे एक संज्ञाभेद आवश्यक आहे. मराठीत 'तोतया' हा शब्द रूढ आहे. पानिपतानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या आणि १७७६मध्ये देहान्त शासन झालेल्या इसमामुळे त्याला ऐतिहासिक वजनही लाभले आहे. परंतु तोतया दुसऱ्याचे नाव स्वतःसाठी बळकावतो. अमिडालाची दासी काहीच बळकावत नाही. ती आपला देह दुसऱ्याच्या नावाला उसना देते. तोतयाचा हेतू सत्ता हा असतो, तर हिचे काम शत्रूचा वार स्वतःवर ओढवून घेणे हे आहे. म्हणून तिला तोतया न म्हणता प्रतिरूप म्हणणे अधिक युक्त ठरते.

या प्रतिरूपाची वंशावळ जपानी चित्रपटापर्यंत मागे नेता येते. अकिरा कुरोसावा यांच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या चित्रपटाचे ऋण लुकास यांनी स्वतः मान्य केले आहे. 'स्टार वॉर्स'च्या १९७३च्या पहिल्या आराखड्यावर त्याची छाप स्पष्ट आहे. त्यात पराभूत आकिझुकी घराण्याची राजकन्या युकी शत्रूच्या मुलखातून मुक्या मुलीच्या वेषात प्रवास करते. वस्त्रे बदलता येतात, पण हुकूम सोडण्याची सवय लागलेली वाणी बदलता येत नाही, हे त्या मुकेपणाचे कारण. तिला वाचवण्यासाठी सेनापती रोकुरोता आपल्या बहिणीला, कोफुयूला, राजकन्या म्हणून शत्रूच्या हाती जाऊ देतो आणि तिचा शिरच्छेद होतो. कोफुयू पडद्यावर कधीच दिसत नाही. तरीही तिच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा युकी सेनापतीवर संतापते. कोफुयू सोळा वर्षांची होती आणि आपणही सोळाच वर्षांच्या आहोत, मग दोन जिवांत फरक कोणता, असा तिचा प्रश्न आहे. प्रतिरूप अदृश्य आहे, परंतु तिचे ऋण उच्चारले गेले आहे. पुढे 'कागेमुशा'त (१९८०) कुरोसावांनी प्रतिरूपालाच नायक केले. मृत ताकेदा शिंगेनच्या जागी बसवलेला चोर हळूहळू त्या जागेचाच होऊन जातो, आणि गरज संपताच हाकलला जातो. या चित्रपटाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीचे कार्यकारी निर्माते फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि लुकास होते. म्हणजे प्रतिरूपाची शोकांतिका लुकास यांना अगदी जवळून परिचित होती.

'द फँटम मेनेस'मध्ये प्रतिरूप शक्य होते ते राणीपदाच्या स्वरूपामुळे. पांढरा रंग फासलेला चेहरा, गालांवरचे लाल ठिपके, अवजड केशरचना, ट्रिशा बिगर यांनी घडवलेले भव्य पोशाख आणि चढउतार नसलेले सपाट बोलणे, या सर्वांमुळे व्यक्ती झाकली जाते आणि पद तेवढे उरते. अर्न्स्ट कांटोरोविच यांनी 'द किंग्ज टू बॉडीज' (१९५७) या ग्रंथात मध्ययुगीन राजाच्या नैसर्गिक आणि राजकीय अशा दोन देहांचा सिद्धान्त मांडला. येथे ते दोन देह शब्दशः दोन मुलींमध्ये वाटले गेले आहेत. शिवाय अमिडाला निवडून आलेली राणी आहे. 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२) या पुढील भागात तिच्या कारकिर्दीची मुदत संपून ती सिनेटर झालेली दिसते. जे पद वारशाने रक्तात नसते, ते वस्त्रासारखे अंगावरून उतरवता येते. नॅटली पोर्टमन आणि किरा नाइटली या अभिनेत्रींच्या चेहऱ्यांतील साम्यालाही या रंगलेपनाचेच साहाय्य झाले.

तथापि पद वाटता आले तरी निर्णय वाटता येत नाही. नाबू सोडावे की नाही हा पेच पडतो तेव्हा सिंहासनावरील मुलगी दोन्ही मार्गांत धोका असल्याचे सांगून दासींकडे पाहते. पॅडमे दासींच्या वतीने आपल्या धैर्याची ग्वाही देते आणि त्या उत्तरात संमती दडलेली असते. आज्ञा वर बसलेलीने द्यायची, परंतु ती खाली उभी असलेलीकडून यायची. पुढे यानातील यंत्रमानव पुसून स्वच्छ करण्याचे काम प्रतिरूप पॅडमेलाच सांगते आणि खरी राणी ते निमूटपणे करते. प्रहसनात शोभेल असा हा प्रसंग आहे. पण सेवेच्या श्रमाचा राणीला येणारा अनुभव चित्रपट त्यापलीकडे नेत नाही.

अभिज्ञानाचा प्रसंग मात्र परंपरेला छेद देणारा आहे. ओडिसियस ओळख देतो तो आपले घर परत मिळवण्यासाठी. अमिडाला ओळख देते ती गंगन लोकांच्या प्रमुखापुढे, आणि लगेच गुडघे टेकते. नाबूवासी आपल्याला हीन लेखतात ही गंगनांची जुनी तक्रार आहे. मुखवटा उतरवून केलेली याचना हेच तिला दिलेले उत्तर ठरते. प्रतिरूपाने गुडघे टेकले असते तर तो केवळ शिष्टाचार झाला असता. पुढे राजवाड्यात राणीच्या वेषातील प्रतिरूप पुन्हा समोर येताच व्हाइसरॉय फसतो आणि पकडलेल्या खऱ्या राणीलाच नकली ठरवतो. पदचिन्हांना माणसापेक्षा अधिक मानण्याची सवय त्याला भोवते.

पण हीच सवय राणीलाही भोवते. सिनेटमध्ये ती खरी राणी म्हणून, पूर्ण राजवेषात बोलते आणि चान्सलर व्हॅलोरमविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडते. त्यामुळे तिच्याच ग्रहाचा प्रतिनिधी पॅल्पटीन सत्तेवर येतो. त्याला प्रतिरूपाची गरज नाही, कारण त्याचा सौम्य सार्वजनिक चेहरा हेच त्याचे वेषांतर आहे. मारेकऱ्याला चकवणारी युक्ती संस्थेच्या आत बसलेल्या कपटापुढे निष्प्रभ ठरते.

उरतो किमतीचा प्रश्न. १९९९च्या चित्रपटात प्रतिरूप जिवंत राहते, म्हणून तो पुढे ढकलला जातो. नाइटलीने साकारलेल्या दासीचे 'सेबे' हे नाव श्रेयनामावलीत आहे. परंतु ते प्रेक्षकाच्या मनात राहावे अशी एकही जागा कथेत नाही. २००२च्या भागाच्या आरंभीच हिशेब चुकता होतो. पॅडमे वैमानिकाच्या वेषात असल्याने स्फोटातून वाचते आणि तिच्या जागी असलेली कॉर्डे मरताना, आपण कर्तव्यात कमी पडलो, असे म्हणते. ज्या कामासाठी ती तेथे उभी होती ते नेमके पार पडलेले असताना तिने स्वतःला अपयशी म्हणावे, हे या साऱ्या व्यवस्थेवरील सर्वांत कठोर भाष्य होय. पॅडमेला दुःख होते. पण कथा लगेच पाठलागाकडे वळते. युकीने विचारलेला प्रश्न येथे कोणी विचारत नाही. कुरोसावांची राजकन्या न दिसलेल्या मुलीचे वय सांगते. लुकास यांच्या चित्रपटात ती मुलगी डोळ्यांदेखत मरते आणि तिचे वय प्रेक्षकाला कळतही नाही. वेषांतराच्या कथेत राज्यकर्त्याची ओळख शेवटी पटतेच. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या व्यक्तीची ओळख पटवण्याची जबाबदारी कथा घेते की नाही, यावर त्या कथेची नैतिक उंची ठरते.