वारल्याच्या कमरेचा कोयता

डहाणू-तलासरीकडे वारली माणूस रानात निघाला की कमरेच्या दोरीला मागच्या अंगाने कोयता अडकवलेला असतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड लोहाराने तापवून ठोकलेलं, पातं आत वळलेलं, मूठ लाकडी. राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, फांदी छाटायची, बांबू चिरायचा, कुंपणाला काटेरी झुडपं तोडायची, सगळं त्याच पात्यावर. शहरातल्या बातमीत मात्र तोच कोयता फक्त मारामारीत दिसतो. धारदार वस्तू बाळगण्यावर सरकारने बंधन घालावं का, याचा माग म्हणून इथूनच काढावासा वाटतो.

1878 साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने तलवार, भाला, बंदूक घेऊन हिंडायला परवाना लागू झाला. युरोपीयांना त्यातून सूट होती. दुसरा वन कायदा. डहाणूच्या वारल्याला खरी झळ लागली ती या दुसऱ्याची. राखीव जंगलात फांदी तोडणं गुन्हा ठरलं आणि गुन्ह्यात वापरलेलं अवजार जप्त करायचा अधिकार जंगल खात्याला मिळाला. फांद्या नाहीत तर राब नाही आणि राब नाही तर नाचणी-वरईचं रोप नाही. ठाणे-कुलाब्यातली ओरड एवढी वाढली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आदिवासीच्या हातचं पातं असं आधी जंगलाच्या नावाखाली सरकारी नजरेत आलं, शस्त्र म्हणून नंतर.

ते ‘नंतर’ उजाडलं 1945 मध्ये. डहाणू-उंबरगावचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. जमीनदारांसाठी ते कापणारे हात वारल्यांचे, आणि त्यांतले कितीतरी वेठीचे. मे महिन्यात झरीच्या सभेत शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने वेठ नाकारायचा निर्धार केला. पावसाळा सरल्यावर मागणी झाली, पाचशे पौंड गवताला पाच रुपये. विळे खाली ठेवले गेले आणि गवत उभंच राहिलं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी हूल उठवली गेली होती. त्यांना वाचवायला माणसं हाती येईल ते घेऊन धावली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. ज्या विळा-काठीवर जमीनदाराचा धंदा चालत होता, तीच अवजारं माणसं एकत्र येताच सशस्त्र जमावाची हत्यारं ठरली. लोखंड तेच होतं; माणसं वेठ करायला तयार नव्हती, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीत ह. वि. कामथांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. घटनेने जमायचं स्वातंत्र्य दिलं तेही विनाशस्त्र. शिखांच्या कृपाणाला मात्र धर्माचा भाग म्हणून जागा ठेवली. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्या देशात गावचा पाटील आणि त्याचा सालदार एकाच न्यायाने मोजले जात नाहीत, तिथे शस्त्राचा हक्क आधी कोणाच्या हाती पडला असता, हे सांगायला नको.

मग 1959 चा शस्त्र कायदा आला. निव्वळ घरकाम आणि शेतीसाठी घडवलेली वस्तू त्याने ‘शस्त्रा’तून वगळली. नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीची आणि उद्योगाची पाती बाजूला ठेवून. म्हणजे कोयता सुटला. पण मुंबई पोलीस कायद्याचं, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं, कलम 37 वेगळं आहे. त्याखाली सणावारी वा तणावात निघणाऱ्या बंदी आदेशात तलवार-सुऱ्यांबरोबर काठ्याही येतात. मग कमरेचा कोयता कामाचा की मारायचा, हे रस्त्यावरचा हवालदार ठरवतो. अंगावरच्या कपड्यांवरून त्याने ते ठरवू नये, यासाठी त्याच्यासमोर लिहिलेलं काहीतरी हवं.

2022-23 मध्ये पुण्यात ‘कोयता गँग’चा बोलबाला झाला आणि कोयता विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाची ओळख वहीत नोंदवावी असा पोलिसांचा आग्रह सुरू झाला. पुण्यातल्या घाबरलेल्या दुकानदाराची बाजू मला पटते. पण तीच वही कासा वा तलासरीच्या बाजारात मांडली तर भातकापणीच्या तोंडावर गावंच्या गावं नोंदवावी लागतील, आणि त्या नावांतून एकही गुंड सापडणार नाही. डहाणू तालुक्यातल्याच गडचिंचल्यात 16 एप्रिल 2020 ला अफवेने पेटलेल्या जमावाने तिघांचा जीव घेतला, तो दगड-काठ्यांनी. तिथे कोयत्याची वही किंवा तलवारीचा परवाना तपासून काही हाती लागलं नसतं. वेळेवर आणि पुरेशा संख्येने पोलीस पोचणं, अफवा आधी रोखणं, याचीच गरज होती.

म्हणून तलवारी-खंजिरांवर परवाना राहावा, मिरवणुकीत त्या नाचवणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा. इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यात सार्वजनिक जागी सुरा सापडला तर कामासाठी जवळ होता हे सांगून सुटता येतं. आपल्याकडे कलम 37 च्या प्रत्येक आदेशात शेती आणि जंगलाच्या कामाला निघालेल्याचं अवजार वगळल्याचं ठळक लिहावं. तो आदेश वारली बोलीतही गावच्या चौकात वाचून दाखवावा. आणि कोयता जप्त झालाच तर माणूस कुठून कुठे, कोणत्या कामाला निघाला होता, ते पंचनाम्यात लिहिल्याशिवाय ती जप्ती ग्राह्य धरू नये.