मुक्तिसदनाची मराठी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव बहुधा ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या पुस्तकाच्या निमित्ताने येते आणि मग एकदम धर्मांतराच्या वादात गुंतून पडते. केडगावचे मुक्तिसदन आपण सामाजिक इतिहासाकडे सोपवून मोकळे होतो. ही वाटणी आम्हांला मान्य नाही. तेथील सेवाकार्य आणि तेथे घडलेले भाषाकार्य ही एकाच प्रयत्नाची दोन अंगे होत.

दुष्काळ रमाबाईंनी पुस्तकातून जाणला नव्हता. १८७४ साली वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने अन्नावाचून गेली होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतावर करावी लागली. १८९८मध्ये मुक्तिसदन उभे राहिले आणि १९००च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली.

१८८९ सालचे शारदासदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तिसदनात आल्या त्या नाना जातींच्या, नाना बोलींच्या, बव्हंशी निरक्षर स्त्रिया. शेती, विणकाम, दूधदुभते यांबरोबर त्या छापखान्यातही काम करू लागल्या. अंध मुलींना मनोरमाबाईंनी आणलेल्या पद्धतीने ब्रेल शिकविले जाई. याच काळात रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. संस्कृत विद्येत वाढलेल्या या विदुषीने पंडिती वळण बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी योजिली, कारण तिचा वाचकवर्ग अंगणातच वावरत होता. त्या पुस्तकाचे खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातील स्त्रियांनीच केली. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आले.

तथापि एक प्रश्न टाळता येणार नाही. शारदासदनातील धर्मविषयक तटस्थतेवरून १८९३मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले होते. मुक्तिसदन तर उघडच ख्रिस्ती होते. अन्न आणि प्रार्थना एकाच छपराखाली मिळत असतील, तर भुकेल्या मुलीच्या संमतीला कितपत स्वातंत्र्य उरते? रमाबाईंची निष्ठा निःसंशय होती, एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परंतु त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. त्या मुलींसाठी दुसरी दारे किती उघडी होती? शारदासदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी १८९३मध्ये विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंच्या कार्याने हिंदू समाजालाही हालविले, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

रमाबाईंच्या भाषांतरातील शब्दनिवडीबद्दल मतभेद होऊ शकतात. कित्येक रूढ शब्द हिंदू दैवतकल्पनेशी जोडलेले म्हणून त्यांनी नाकारले, आणि त्यामुळे भाषा काही ठिकाणी अडखळते, असे आम्हांला वाटते. परंतु भाषांतराची चर्चा करताना आपण केवळ भाषांतरकाराचा विचार करतो. ज्यांना समाजाने दयेचा विषय मानले, त्या स्त्रियांच्या हातून एवढा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. मराठी मुद्रणाचा इतिहास शिकविताना तरी त्यांना जागा द्यावयास हवी.