नगरच्या किल्ल्यातले १२ कैदी आणि मित्राला पुस्तक सुचवण्याची गोष्ट

'काहीतरी चांगलं सुचव ना' असा मेसेज आला की आपण तीन-चार नावं पाठवून मोकळे होतो. त्यातली बहुतेक पुस्तकं वाचली जात नाहीत, चित्रपट पाहिले जात नाहीत. मग मित्राने सुचवलेलं खरंच कामी कधी येतं? याचं उत्तम उदाहरण अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात सापडतं.

किल्ल्यात कोण कोण होतं?

'भारत छोडो'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस नेत्यांची धरपकड झाली. कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव असे हे १२ जण. सुटका कधी होणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. वेळ भरपूर होता आणि सोबतीला एकाहून एक वाचणारी माणसं होती.

एकाचं वाचन दुसऱ्याच्या कामी

नेहरूंचं शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला झालेलं, वाचन मुख्यतः इंग्रजीतलं. आझाद अरबी-फारसीचे पंडित. नरेंद्र देव बौद्ध दर्शनाचे अभ्यासक. 'अभिधर्मकोश' या ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचं काम त्यांनी याच कैदेत केलं. मराठी, गुजराती, बंगाली, तेलुगू, सिंधी, ओडिया अशा भाषा जाणणारे लोक एकाच आवारात होते.

एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी इथे 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं. काही सोबत्यांनी हस्तलिखित वाचून सूचना केल्या. प्रस्तावनेत नेहरूंनी सगळ्यांचे आभार मानले आहेत. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचा खास उल्लेख आहे. इतक्या भाषांचं आणि विषयांचं ज्ञान असलेली माणसं रोज जेवायला शेजारी बसत होती, याचा त्या पुस्तकाला मोठा आधार मिळाला.

न पाठवलेली पत्रं

याच किल्ल्यात मौलाना आझाद आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत होते. ती टपालात टाकण्याची सोय नव्हती, तरी लिहिणं थांबलं नाही. चहाची आवड, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, इतिहास, संगीत आणि मधूनमधून पेरलेले शेर. समोरचा माणूस स्वतः मोठा ग्रंथसंग्राहक, त्यामुळे त्याला काय रुचेल हे आझादांना ठाऊक होतं. १९४६ मध्ये ही पत्रं 'गुबार-ए-खातिर' नावाने पुस्तकरूपात आली.

मग आपण काय करावं?

किल्ल्यातल्या मंडळींना एकमेकांची आवड आणि एकमेकांचं काम माहीत होतं. आपणही नाव पाठवताना 'तुला हेच का' एवढं एका ओळीत लिहावं. 'मस्त आहे, बघच' यापेक्षा 'तुला कोर्टातली भांडणं आवडतात, म्हणून हा चित्रपट' हे जास्त उपयोगी. मागतानाही आपल्यासारखंच वाचणाऱ्याकडे न जाता वेगळं वाचणाऱ्याला विचारावं. आणि वाचून-पाहून झाल्यावर कसं वाटलं ते जरूर कळवावं, अगदी आवडलं नसलं तरी. पुढच्या वेळी तो नेमकं सुचवेल.

सुरुवात या पुस्तकापासूनच करता येईल. वाचणाऱ्या मित्रासाठी साने गुरुजींनी केलेला मराठी अनुवाद 'भारताचा शोध' आहे. जाड पुस्तक पाहून घाबरणाऱ्यासाठी श्याम बेनेगल यांची १९८८ ची दूरदर्शन मालिका 'भारत एक खोज' आहे. तिचे भाग ५३ आहेत, तेव्हा एकदम सगळे न पाठवता त्याच्या आवडीच्या काळातला एकच भाग पाठवा.