माग, सुया आणि ‘वीण’

कथेची वीण घट्ट आहे, कादंबरीची वीण मध्येच सैल पडली आहे, असे आपण समीक्षेत सर्रास लिहितो. ही वीण मागावरची की सुयांवरची, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कलांना पुरते, आणि त्यामुळे त्यांचे इतिहास किती वेगळे आहेत हे झाकले जाते. आम्ही काही जण दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन विणकाम शिकावयास बसलो, तेव्हा हा भेद प्रथम बोटांना जाणवला.

मागाचा इतिहास शोधावयाचा तर धाराशिव जिल्ह्यातील तेरला जावे लागते. तेरणेकाठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेनुसार तगर पैठणपासून पूर्वेला सुमारे १० दिवसांच्या वाटेवर होते. तेथील पुष्कळसे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून अवघड मुलखातून भडोचला जात असे. अंतर, वाहन, माल, बंदर या साऱ्यांची नोंद त्या अनामिक लेखकाने ठेवली. कापड विणणारे हात मात्र त्याच्या पुस्तकात नाहीत. ते हात कधीकाळी नवशिके असणार आणि त्यांचेही धागे तुटले असणार, याची आठवण ठेवण्याचे व्यापाऱ्याला कारण नव्हते.

मागावरचा नवशिका पहिल्या दिवशी विणत नाही. कोष्टी-साळ्यांच्या घरांत मूल आधी कांड्या भरते, तुटलेले धागे सांधते. शेकडो उभे धागे खळ लावून ताणावे, फणीतून ओवावे, तेव्हा कुठे धोटा धावू लागतो. धनगरी घोंगडीचेही तसेच. लोकर कातण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे, आणि धाग्यांना खळ चिंचोक्यांची. हे शिक्षण घरात आणि जातीत मुरलेले होते. बाहेरच्या माणसाला त्यात शिरकाव अवघड होता.

सुयांचे विणकाम त्या मानाने अलीकडचे. इजिप्तमध्ये सापडलेले त्याचे सर्वांत जुने नमुने सुमारे १ हजार वर्षांपलीकडे जात नाहीत. आपल्याकडे ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात युरोपीय-अमेरिकन मिशनरी स्त्रियांबरोबर रुजले. सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा काढली. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरांसोबत शिवण-विणकामही शिकविले जाई. येथे विद्येचे दार जातीने अडविलेले नव्हते. दोन सुया आणि थोडी लोकर पुरे होती. परंतु त्याच सुया मुलीला ‘गृहकृत्यदक्ष’ करण्याचे साधनही होत्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी विसरणे योग्य नव्हे.

आमच्या शिकण्याकडे पुन्हा वळू. पहिला मफलर ओळीगणिक रुंदावत गेला, कारण आम्ही नकळत टाके वाढवीत होतो. मध्येच एक टाका निसटला आणि त्याची शिडी थेट खालपर्यंत उतरली. मग सुया काढून धागा ओढला. सारे उसवले, पण लोकर शाबूत राहिली. आमच्यातल्या एकाने खुंट्यांचे गोल कडे आणले. नवशिक्यांना सोपे जाणाऱ्या या साधनालाही इंग्रजीत माग म्हणतात, पण त्यात उभा धागा नाही, म्हणून उसवण्याची मुभा तेथेही आहे. खऱ्या मागावर असे मागे जाता येत नाही, असे नव्हे. मात्र तेथे चुकीची किंमत वेळ, सूत आणि मजुरीत मोजावी लागते.

सुयांवरच्या रांगेलाही ‘ओळ’ म्हणतात आणि कवितेच्या पंक्तीलाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. कवी आपल्या ओळी उसवू शकतो. इतिहासकाराला गाडीवर लादलेल्या कापडाचाच पुरावा मिळतो, उसवलेल्याचा नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘घट्ट वीण’ असे लिहिताना लेखणी क्षणभर थांबवावी. ती वीण जमण्यापूर्वी कोणी किती वेळा उसवले असेल, आणि कोणाला उसवण्याची सवड मुळात मिळालीच नसेल, हे स्वतःला विचारावे. तगरच्या त्या निनावी हातांचे एवढे देणे आपण लागतो.