मशीनला डोळे नसतात

भरतकामाचा इतिहास वाचायला घेतला की टाके भेटतात, नक्षी भेटते, रेशीम आणि जर भेटते. कापड कशानं धरलं होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. खरं तर भरतकामाचा अर्धा इतिहास धरण्याचाच आहे. कापड ताणलेलं नसेल तर कसबी कारागिराचाही टाका वाकडा जातो. आणि धरणारी वस्तूच सुईच्या वाटेत आली तर सुई मोडते. मोडलेला तुकडा कुठे उडेल, याचा नेम नसतो.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, त्यामुळे गणवेशांना तोटा नाही. खिशावर नाव, टोपीवर लोगो, बॅगेवर शाळेचं चिन्ह. गडचिरोलीकडच्या आश्रमशाळांचंही काम येतं. ते करणारी दुकानं छोटी असतात. एक मशीन, फार तर दोन, आणि दोन-तीन माणसं. अशा दुकानांत बसून मी जे पाहिलं, त्याची मुळं शोधायला लागलो आणि थेट दोनशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो.

आपल्याकडे जरदोजीचे कारागीर लाकडी अड्ड्यावर दोरीनं कापड ताणून बांधतात आणि त्याभोवती बसून काम करतात. कापड स्थिर, हात फिरता. मशीननं नेमकं उलटं केलं. 1828 साली फ्रान्समधल्या म्युलुझच्या जोझुए हाइलमान यानं भरतकामाचं यंत्र बनवलं. त्यात कापड उभ्या चौकटीत ताणलेलं असे. कारागीर मोठ्या आकारात काढलेल्या नक्षीवर काटा फिरवायचा, की ती हालचाल लहान होऊन चौकट सरकायची. सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, भोक मधोमध. कापडाच्या दोन बाजूंचे चिमटे त्या आळीपाळीनं पकडायचे. 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीनं शिवणयंत्रासारखा धोटा आणि अखंड धागा वापरून वेगळं यंत्र केलं. धोट्याचा आकार नावेसारखा, म्हणून त्याचं नाव पडलं 'शिफ्ली', म्हणजे छोटी नाव.

आजचं कॉम्प्युटरवालं मशीन याच वंशातलं आहे. सुई जागच्या जागी खाली-वर होते आणि फ्रेम कापड घेऊन फिरते. फरक वेगाचा आहे. मिनिटाला 800 टाके म्हणजे सेकंदाला 13. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तीन-चार टाके पडलेले असतात.

मशीनसोबत रिंगा येतात. आतली रिंग, बाहेरची रिंग, मध्ये कापड. शर्ट, साडी, टॉवेल यांना एवढं पुरतं. पण शिवलेला खिसा, जाड जॅकेट, बॅगेचा पट्टा, बूट? ते रिंगेत बसतच नाहीत. मग क्लॅम्प येतो. दोन जबडे, दांडीनं, स्क्रूनं किंवा चुंबकानं मिटणारे. पुष्कळदा तो मशीनच्या कंपनीचा नसतो. तिसऱ्याच कुणीतरी बनवलेला, स्वस्त आणि कामाचा असतो. छोट्या दुकानासाठी तो मोठाच आधार आहे, कारण त्याच मशीनवर दुप्पट प्रकारची कामं घेता येतात.

अडचण इथेच सुरू होते. कंपनीची रिंग लावली की ऑपरेटर पडद्यावर तिचं नाव निवडतो. मशीनला तिची हद्द कळते आणि नक्षी हद्दीबाहेर जात असेल तर ते चालायलाच नकार देतं. बाहेरचा क्लॅम्प त्या यादीत नसतो. त्याच्या कडा कुठे आहेत, जबडा किती उंच आहे, मधली जागा किती आहे, यातलं मशीनला काहीच ठाऊक नसतं. नक्षी अर्धा सेंटीमीटर सरकली, की सुई आणि तिच्याभोवतीची दाबपट्टी सरळ लोखंडावर आदळते. एका ऑपरेटर ताईंनी मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "मशीनले डोळे नाही ना जी, आपल्यालेच पाहा लागते."

पाहण्याची ही जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र जुना आहे. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. पण तो कायदा किमान 100 कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 जणांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी ही त्यातली प्रसिद्ध मागणी. तिच्यासोबत आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. भरपाईचा कायदा यायला 1923 साल उजाडलं. मधे 39 वर्षं गेली.

कामगारांच्या संख्येची अट पुढे खाली येत गेली. 1891 मध्ये 50, 1922 मध्ये 20, आणि 1948 च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 10. याच कायद्यात फिरत्या भागांना झाकण लावणं आणि चालू यंत्राची तपासणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालणं, अशा बारीक गोष्टीही लिहिल्या आहेत. 2020 च्या संहितेनं ती मर्यादा पुन्हा 20 वर नेली. या सगळ्या आकड्यांत दोन माणसांचं दुकान कुठेच बसत नाही. शंभर असो की दहा, ते उंबऱ्याबाहेरच राहिलं. तिथे इन्स्पेक्टर येत नाही. तिथे फक्त ऑपरेटरची सवय असते.

अशी सवय कशी घडते, याचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात दिसतं. 1949 मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं राहिलं. तिथे कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी शेती केली, विहिरी खणल्या, हातमाग चालवले, शिवणकाम आणि सुतारकाम केलं. यातल्या अनेकांच्या बोटांना संवेदना नव्हती. कुष्ठरोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो. चटका बसला, कापलं, तरी कळत नाही.

साधारण त्याच काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत होते. तेव्हा सगळीकडे समज होता की रोगानं बोटं झडतात. ब्रँड यांनी रुग्णांच्या एकेका जखमेचा माग काढला आणि निष्कर्ष मांडला की बोटं झडतात ती मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे. गरम भांडं, खरबरीत मूठ, गरजेपेक्षा जास्त जोरानं धरलेलं हत्यार. दुखत नाही म्हणून माणूस सोडत नाही. उपायही तितकेच साधे निघाले. मूठ जाड आणि मऊ करा, गरम वस्तू चिमट्यानं उचला, काम झालं की रोज हात डोळ्यांनी तपासा. स्पर्श देत नाही ती खबर नजरेनं मिळवायची.

मशीनवरच्या बाहेरच्या क्लॅम्पलाही हाच नियम लागू पडतो. मशीनला तो जाणवत नाही, म्हणून त्याची खबर माणसानं घ्यायची. मी पाहिलेले चांगले ऑपरेटर पुढच्या गोष्टी न चुकता करतात.

क्लॅम्प घट्ट बसला का, हे मशीन थांबलेलं असताना हातानं हलवून बघतात. जबड्याच्या आतली मोकळी जागा मोजतात आणि नक्षी त्याहून सगळीकडून लहान ठेवतात, कारण सुईसोबत दाबपट्टीलाही जागा लागते. खालच्या बाजूनं क्लॅम्प मशीनच्या हाताला घासतो का, तेही तपासतात. मग 'ट्रेस' दाबतात. सुई वर ठेवूनच फ्रेम नक्षीच्या कडेनं एक फेरी मारते आणि लोखंड कुठे जवळ येतं ते दिसतं. कापड बदललं, नक्षी जराही सरकवली, की पुन्हा ट्रेस. क्लॅम्प जड असतो, म्हणून वेग उतरवतात. चुंबकाचा असेल तर बोटं कडेला ठेवतात, आणि हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाला त्यापासून लांब ठेवतात. ओढणी खोचलेली, डोळ्यांवर चष्मा, लाल बटण हाताशी. सुई मोडलीच तर सगळे तुकडे सापडेपर्यंत तो कपडा गिऱ्हाइकाला जात नाही. शाळेच्या शर्टात राहिलेलं टोक एखाद्या पोराच्या छातीला लागू शकतं.

या सगळ्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. पण मजुरी नगावर असेल तर 200 खिशांचे 200 ट्रेस कोण करणार? ती मिनिटं ऑपरेटरच्या पगारातून कापली जातात, आणि जून महिन्यात गणवेशांची घाई असते तेव्हा सगळ्यात आधी तीच गळतात. म्हणून क्लॅम्प विकत घेणाऱ्या मालकानं त्याच्या किमतीत ही मिनिटंही धरायला हवीत. लोखंड्यांनी 1884 मध्ये जखमेनंतरचा पगार मागितला होता. जखम होऊ नये म्हणून लागणाऱ्या वेळाचा पगार छोट्या दुकानांत आजही कुठल्याच हिशेबात लिहिलेला नसतो.